बाबांच्या कादंबरीतली पोर

माझ्या बाबांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली आणि ती नेमकी खुनाची लिहिली. झुरळ दिसलं तरी आईला हाक मारणाऱ्या माणसानं पहिल्याच प्रकरणात तिघांना ठार केलं. आई म्हणाली, एवढ्या माणसांना मारण्यापेक्षा बाथरूममधला नळ दुरुस्त करून घेतला असता तर बरं झालं असतं. बाबांनी तो शेरा वाङ्मयाबद्दलच्या अज्ञानात जमा केला आणि चौथ्याला मारायला घेतलं.

बाबा सरकारी कचेरीत होते. आम्ही हैदराबादला, नारायणगुड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. देशाची दारं नुकतीच उघडली होती, म्हणजे गल्लीत केबल आली होती, किराण्याच्या दुकानात परदेशी चॉकलेटं आली होती आणि पूर्वी जिथे शिवणक्लास होते तिथे कॉम्प्युटरचे क्लास आले होते. सगळे काही ना काही नवं करत होते. बाबांनी गुप्तहेर निर्माण केला.

त्यांच्या वाचनातल्या गुप्तहेरांना काही तरी जुनं दुःख असायचंच. सुखी गुप्तहेर कोण वाचेल, असं त्यांचं म्हणणं. पंचाईत अशी की बाबांना स्वतःला कसलंच दुःख नव्हतं. बायको चांगली, नोकरी कायमची, झोप तर अशी की जेवण झालं की घोरायला सुरुवात. तेव्हा सगळी दुःखं कल्पनेनं आणावी लागली. त्यांच्या गुप्तहेराची बायको सोडून गेली होती, त्याला रात्र रात्र झोप लागत नसे आणि पूर्वी कधी तरी एका मुलाला तो वाचवू शकला नव्हता, म्हणून तो व्हिस्की प्यायचा. व्हिस्की कशी पितात हे बाबांना कोण सांगणार? त्यामुळे तो ती स्टीलच्या ग्लासात ओतून, नाक दाबून, काढ्यासारखी एका दमात संपवायचा आणि वर तोंड वाकडं करायचा. बाबांच्या मते ते अंतरीच्या वेदनेचं लक्षण होतं.

या गुप्तहेराच्या गळ्यात एक पोर येऊन पडते. आठ वर्षांची, अनाथ. तिनं खून होताना पाहिलेला आहे आणि त्या धक्क्यानं तिची वाचा गेली आहे. खुनी तिच्या मागावर. गुप्तहेर तिला कोठी भागातल्या आपल्या खोलीवर लपवतो आणि म्हणतो की मी जिवंत आहे तोवर हिच्या केसालाही धक्का लागणार नाही. हे वाक्य बाबांनी घरात एवढ्या वेळा मोठ्यानं म्हणून पाहिलं की शेजारच्या तेलुगू काकूंना आमच्याकडे कुणाचं तरी भांडण चाललंय असं वाटलं.

कादंबरी लिहून झाली की छापायची, अशी इतर ठिकाणची पद्धत. आमच्या मराठी मंडळाची पद्धत वेगळी होती. माझ्या पिढीला मराठी बोलता यायचं, पण वाचायला दिलं की जोडाक्षरापाशी गाडी अडायची. शाळा इंग्रजी, रस्ता उर्दू, दुकानं तेलुगू. मराठी होती ती फक्त स्वयंपाकघरात. म्हणून मंडळानं ठरवलं होतं की ज्याला वाचता येतं त्यानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. दर रविवारी दुपारी, जामबागेतल्या एका जुन्या शाळेच्या हॉलमध्ये. आणि एक नियम होता, तो कुणी केला कोण जाणे: ऐकणाऱ्यानं मनात शंका ठेवायची नाही. मध्येच हात वर करायचा, विचारायचं, आणि वाचणाऱ्यानं उत्तर देऊनच पुढे जायचं.

या नियमानं बाबांच्या कादंबरीचं जे केलं ते खुन्यालाही जमलं नसतं.

दुसऱ्या प्रकरणात गुप्तहेर पोरीला मोटारीत घालून सुसाट निघाला होता. मागे खुन्यांची गाडी. बाबांचा आवाज चढला होता. एवढ्यात जामबागच्या वकिलीणबाईंचा हात वर. तीन पिढ्यांपासून हैदराबादेत, मंडळात त्यांचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती.

"लेकरू सकाळपासून उपाशी आहे की हो! तुम्ही मोटार काय पळवायलात?"

बाबा गडबडले. पण नियम म्हणजे नियम. "गुप्तहेरानं वाटेत थांबून तिला इडली खाऊ घातली," ते म्हणाले.

"मागं खुनी असताना?" मागच्या रांगेतून कुणी तरी.

"पार्सल घेतली."

"चटणी तिखट नव्हती ना? पोरीच्या तोंडाची आग व्हायची."

नव्हती, असं बाबांनी जाहीर केलं. मगच मोटार हलली.

तिथून पुढे दर रविवारी हेच. पोर झोपली का? अंगावर काय पांघरलं? शाळा बुडायली, त्याचं काय? पुण्याहून आयटीतल्या नोकरीसाठी आलेलं एक जोडपं होतं. त्यातल्या नवऱ्याला फक्त एकच चिंता, की गुप्तहेराकडे पेजर का नाही. बाबांनी तोही दिला. वकिलीणबाईंनी मग मुद्द्यालाच हात घातला. "दारुड्याच्या घरात लेकरू ठेवायचं? नक्को. आधी त्याची दारू सोडवा, मग पुढचं वाचा." जगभरातले गुप्तहेर जी दारू शेवटच्या पानापर्यंत सोडू शकत नाहीत, ती बाबांच्या गुप्तहेरानं एका रविवारी चहाच्या आधी सोडली. सहाव्या प्रकरणापर्यंत तो पोरीच्या डोक्याला खोबरेल लावत होता आणि तिला मुगाची खिचडी भरवत होता. खुनी बिचारा समोरच्या पानटपरीवर ताटकळत उभा, कारण आत पोरीला ताप आला होता आणि तिला कोणता काढा द्यावा यावर हॉलमधल्या बायकांचं एकमत होत नव्हतं.

बाबा मात्र खूश होते. "विचारतात म्हणजे गुंतलेत," असं म्हणायचे. लोकांना त्या पोरीची खरोखर काळजी वाटते, हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. मला वाटतं, त्यांनाही तिची खरोखर काळजी वाटत होती. मला राग त्याचाच होता.

कारण त्याच जूनमध्ये त्यांनी माझ्या धाकट्या बहिणीला दिलसुखनगरच्या होस्टेलमध्ये टाकलं होतं.

धाकटीला दहावीला चांगले मार्क पडले, हीच तिची चूक. मला बेताचेच पडले होते, म्हणून मी घरी राहून बी.कॉम. करत होते आणि कुणी माझ्या वाटेला जात नव्हतं. धाकटी हुशार निघाली, म्हणजे तिचं भवितव्य घडवणं आलं. बाबांच्या कचेरीतल्या एकाचा मुलगा सॉफ्टवेअरमध्ये जाऊन अमेरिकेला गेला होता. तिथून त्यानं बर्फात उभं राहून काढलेला फोटो पाठवला होता आणि तो फोटो टेबलाटेबलावर फिरला होता. बाबांनी तो पाहिला आणि त्यांना धास्ती बसली की आपली गाडी सुटणार. शहराच्या भिंतींवर तेव्हा निवडणुकीच्या उमेदवारांपेक्षा पोरांचे फोटो जास्त असत, खाली रँक लिहिलेले. त्यातल्याच एका भिंतीवरचा पत्ता बाबा घेऊन आले.

कॉलेज म्हणायचं म्हणून कॉलेज. खाली चपलांचं दुकान आणि मिठाईवाला, वर तीन मजले, खिडक्यांना जाळ्या. पोरांना उजाडायच्या आधी उठवायचे आणि डोळे मिटेपर्यंत गणितं सोडवून घ्यायचे. इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं अशी काढली की इंजिनिअरिंगला नंबर लागणार, अशी हमी. मुलीला भेटायचं तर रविवारी दुपारी, पाचपर्यंत. बाहेर न्यायचं तर वडिलांची सही. आईची चालत नव्हती, कारण अर्जावर सही केली होती बाबांनी.

रविवारी दुपारी बाबांचं वाचन असायचं. त्यामुळे महिन्यातून एखादा रविवार वाचन चुकवून भेटायला जायचो ते आई आणि मी. बाबा पहिल्यांदा आले ते शाळेचा हॉल एका लग्नाला दिला होता म्हणून. तेव्हा धाकटी जिन्यावरून खाली आली आणि मला क्षणभर ओळखूच आली नाही. दोन्ही हातांवर खाजवून खाजवून झालेले फोड, डोळ्यांखाली काळं. घरात जिची बडबड बंद करायला आईला ओरडावं लागायचं, ती पोर बाकावर हात मांडीत घेऊन बसली. मग ती बाबांना म्हणाली, "मला इथून घेऊन जा. मी घरी बसून सगळं करीन. कुणाला त्रास नाही देणार. फक्त घेऊन जा."

बाबांनी तिचा हात हातात घेतला आणि पाच वाजेपर्यंत तिला समजावलं. जग किती वेगानं बदलतंय, आपण मागे पडून चालणार नाही, सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं, मग रमतं माणूस. ती मान हलवत राहिली. परत येताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत स्वतःशीच काही तरी पुटपुटत होते. मला वाटलं, पोटात तुटलं असेल.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये नववं प्रकरण झालं. त्यात ती मुकी पोर पहिल्यांदा बोलते. गुप्तहेर तिला नाइलाजानं एका संस्थेत ठेवून निघतो, आणि ती त्याचा शर्ट धरून म्हणते, "मला इथून घेऊन जा. कुणाला त्रास नाही देणार. फक्त घेऊन जा."

हॉल रडला. वकिलीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पुण्याच्या जोडप्यातली बायको हुंदके देत होती आणि नवरा पेजर विसरला होता. गुप्तहेर अर्थातच त्याच पावली माघारी वळला आणि पोरीला उचलून घेऊन आला. बाबांची पाठ थोपटायला रांग लागली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "बाबा, हे तिचं वाक्य आहे."

"हो ना," ते म्हणाले. "वास्तवातूनच घ्यावं लागतं गं. कल्पनेनं असं सुचत नाही."

त्यांना खरोखरच कळलं नाही मी काय म्हणतेय ते. ओरडले असते, रागावले असते, तर मला काही तरी करता आलं असतं. ते तर शाबासकीची वाट बघत होते.

आईनं त्या हॉलमध्ये कधी हात वर केला नव्हता. ती मागे चहाच्या भांड्याशी बसायची. त्यानंतरच्या रविवारी तिनं केला. सगळे वळून बघायला लागले. आई उठून उभी राहिली, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि म्हणाली, "ह्या गुप्तहेराला स्वतःची मुलगी आहे का? असली तर ती कुठं असते?"

आता बाबांना कळणार, असं मला वाटलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला. त्यांचा चेहरा उजळला. "उत्तम प्रश्न!" ते म्हणाले.

मग अर्धा तास चर्चा. गुप्तहेराला मुलगी असावी की असू नये. वकिलीणबाईंचं मत पडलं की असावी, त्यानं माणूस भरीव होतो. पुण्याचा नवरा म्हणाला की नसावी, कथानकाचा फोकस जातो. आई उभीच होती. शेवटी कुणी तरी तिला म्हणालं, "वहिनी, बसा की," तेव्हा ती बसली.

आणि पुढच्या रविवारी गुप्तहेराला मुलगी झाली. चौदा वर्षांची, पाचगणीला बोर्डिंग स्कूलमध्ये, अभ्यासात पहिली, घोड्यावर बसते, वडिलांना हसरी पत्रं लिहिते. हॉलचं समाधान झालं. बाबांनी वाचता वाचता आईकडे पाहून हळूच मान हलवली, तुझी सूचना घेतली बरं का, अशी.

आई त्यानंतर वाचन ऐकायला गेली नाही. एका रविवारी ती एकटीच होस्टेलवर गेली आणि मुलीला न्यायचंय म्हणाली. "फादर को बुलाओ अम्मा," एवढंच तिला सांगितलं गेलं. त्या रात्री जेवताना तिनं बाबांना सरळ विचारलं, "अहो, तिला आणायचं का नाही?" बाबा म्हणाले, वर्ष मध्ये सोडलं तर वर्ष वाया जाईल. मी ओरडले. त्यांनी माझ्याकडे, बेताच्या मार्कांच्या मुलीकडे जसं बघायचं असतं तसं बघितलं.

कादंबरीचं शेवटचं प्रकरण होतं त्या रविवारी दुपारी घरचा फोन वाजला. मी उचलला. धाकटी. होस्टेलखालच्या एसटीडी बूथवरून, शेजारी वॉर्डनबाई असणार, म्हणून आवाज एकदम बारीक. "ताई, आज बाबांना आण. सही करायला. मला तीन दिवस ताप आहे, आणि इथं कुणी…" मग थांबली. "आज नाही आलात तर मी परत नाही सांगणार."

आईनं कपाटातून धाकटीचा निळा पंजाबी ड्रेस काढला, इस्त्री केलेला, पिशवीत घातला. घरी येताना होस्टेलचे कपडे अंगावर नकोत, म्हणाली. आम्ही रिक्षा केली आणि जामबागला गेलो. पाच वाजायला भरपूर वेळ होता.

हॉल गच्च भरलेला. शेवट ऐकायला लोक मुलाबाळांना घेऊन आले होते. गुप्तहेर कुलूपबंद इमारतीत शिरला होता, पोर तिसऱ्या मजल्यावर कोंडलेली. आई मधल्या वाटेनं थेट पुढे गेली. "अहो, चला. लेकीला आणायचंय. ताप आहे तिला, फोन आला होता. आत्ता चला."

बाबांनी वर बघितलं. घाबरले ते, मी पाहिलं. त्यांनी कागद खाली ठेवलेही. मग समोर बघितलं. तिथे सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता.

"दोनच पानं राहिलीत," ते म्हणाले. "संपवतो आणि निघू."

"बसा की वहिनी," वकिलीणबाई म्हणाल्या. "लेकरू वर अडकलंय, असं कसं मध्येच सोडून जायचं?"

त्या कादंबरीतल्या लेकराबद्दल बोलत होत्या. हॉलमध्ये कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. गेले कित्येक महिने, पोर जेवली का, पोर झोपली का, म्हणून विचारून विचारून बाबांचा जीव काढणाऱ्या त्या मायाळू माणसांपैकी एकानंही विचारलं नाही की ताप किती आहे.

आई बसली नाही. पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. दोन पानांना प्रश्न फुटले. इमारतीत लिफ्ट होती का? पोरीच्या पायात चपला होत्या का? बाबांनी प्रत्येकाला उत्तर दिलं, भराभर दिलं, कपाळावर घाम होता त्यांच्या, पण दिलं. गुप्तहेरानं दार लाथेनं फोडलं, पोरीला खांद्यावर घेतलं आणि पहाटेच्या उजेडात रस्त्यावर आला. टाळ्या थांबेनात. सत्काराची एक शाल होती, ती घालायचीच होती. ती घालून घेतली.

मग रिक्षा. चादरघाटच्या पुलावर गर्दी, मलकपेटला त्याहून जास्त. बाबा शाल मांडीवर घेऊन सारखे घड्याळ बघत होते आणि ड्रायव्हरला चलो भाई, चलो भाई म्हणत होते. पोचलो तेव्हा खालचं लोखंडी दार बंद झालं होतं. आत वॉचमन खुर्ची लावून बसलेला.

"टैम हो गया. अब नक्को. अगले इतवार को आओ."

आई दाराचे गज धरून ओरडायला लागली, मराठीत, तेलुगूत, जे तोंडाला येईल त्यात. मीही ओरडले. चपलांच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघायला लागली. वॉचमन बाबांकडे बघून म्हणाला, "साब, आप समझाओ इनको." आणि बाबांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला. "नियम आहे त्यांचा," ते म्हणाले. "तो बिचारा काय करणार?"

वर जाळीच्या खिडक्या होत्या. त्यातली तिची कुठली ते आम्हाला माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी बाबा दोन वाजताच हजर. सही करून कागद तयार, निळा ड्रेस पिशवीत. धाकटी खाली आली. ताप उतरला होता. केस घट्ट बांधलेले, हातात वही. बाबा उठून उभे राहिले, हसले आणि म्हणाले, "चल बेटा, घरी जाऊ. सामान घे."

"उद्या टेस्ट आहे," ती म्हणाली.

"राहू दे टेस्ट."

"नको बाबा. मी ठीक आहे."

आईनं तिला जवळ ओढलं, विचारलं, पुन्हा पुन्हा विचारलं. ती ठीक आहे म्हणत राहिली. नम्रपणे, पाहुण्यांशी बोलतात तशी. मी तिच्या डोळ्यांत बघायला गेले तर तिनं वही उघडली. पाच वाजायच्या आधीच ती उठली आणि वर गेली.

परतीच्या बसमध्ये बाबांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. "मी म्हणत होतो ना, रमेल म्हणून," ते म्हणाले. "रमली."

"रमली नाही हो," आई म्हणाली. "तिनं सांगणं सोडलं."

धाकटीचा नंबर लागला. भिंतीवर फोटोही लागला. आता ती अमेरिकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, दर रविवारी न चुकता फोन करते, आईचे गुडघे विचारते, बाबांची साखर विचारते. तू कशी आहेस म्हटलं की छान म्हणते. तिचं एक ऑपरेशन झालं ते आम्हाला वर्षानं कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. एवढ्या वर्षांत तिनं आमच्याकडे एकदाही कसली तक्रार केलेली नाही. बाबा हे आल्यागेल्याला कौतुकानं सांगतात.